पडद्याआडचे सूर : कै. वसंत देसाई

उमरग्यास आमच्या बिऱ्हाडापासून चार घरे टाकून एक मोठे एकत्र कुटुंब राहते. घरात लहानमोठी सतरा माणसे. सर्वांत वडील ते नाना. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांस बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीत ह्या घरात एक लहानसे वादळ उठले. नानांच्या थोरल्या नातवाने पदवीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यावर आपला मनोदय असा सांगितला की, त्यास नोकरी करावयाची नसून चित्रपटांस व दूरचित्रवाणीवरील मालिकांस संगीत द्यावयाचे आहे. आणि तेही गाण्यांना चाली लावण्याचे काम नव्हे, तर प्रसंगांच्या पाठीमागे जे वाजत असते ते पार्श्वसंगीत रचण्याचे. त्याकरिता पुण्यास जाऊन राहण्याची परवानगी त्याने मागितली.

चुलत्यांनी पैशाचा प्रश्न काढला, आजींनी जेवणाखाण्याचा. नानांचा आक्षेप निराळाच होता.

“अरे, तू गवई व्हावयाचे म्हणाला असतास तर मी समजलो असतो,” ते म्हणाले. “भीमसेन अकराव्या वर्षी घरातून पळाले, ते गाणे शिकावयास पळाले. पण दुसऱ्याच्या चित्रामागे बसून वाजवावयाचे. ते कोणाच्या ध्यानात आले तर चुकले म्हणावयाचे, न आले तर साधले म्हणावयाचे! हा कसला उद्योग? ह्यात माणसाचे नाव तरी राहते का?”

आम्ही त्या वेळी फराळास बसलो होतो. प्रश्न खरा होता, आणि आम्हांसही त्याचे उत्तर चटकन सुचले नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकटी नात शाळेची प्रार्थना घोळवीत असल्याचे ऐकू आले. ‘ए मालिक’ ह्या शब्दांनी सुरू होणारी ती प्रार्थना ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा आपल्याकडे विरळा. आम्ही विचारले, “नाना, ही चाल कोणाची?”

“चाल कोणाची असावयाची? शाळेची प्रार्थना आहे ती. मी स्वतः कित्येक वर्षे रोज सकाळी म्हणवून घेतली आहे.”

त्या चालीचे कर्ते वसंत देसाई. प्रस्तुत लेख त्या रात्री झालेल्या आणि पुढे आठवडाभर चाललेल्या बोलण्यातून निघाला आहे. नातवाची बाजू घ्यावी की नानांची, हा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही; परंतु हा धंदा कसा असतो आणि त्यात एका माणसाने जन्म कसा वेचला, हे अशा अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना व मुलांना ठाऊक असणे बरे, असे वाटल्यावरून हे लिहीत आहो.

देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी सावंतवाडीच्या मुलुखात, कुडाळजवळच्या सोनवडे गावी झाला. हा दशावतारी खेळांचा, भजनांचा आणि कीर्तनांचा प्रदेश. दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज एवढ्या साहित्यावर राक्षसाचा प्रवेश, देवांचे युद्ध आणि राणीचा विलाप रात्रभर उभा केला जातो. पार्श्वसंगीत ही वस्तू केवळ युरोपातून आपल्याकडे आली असे समजणाऱ्यांनी एकदा देवळासमोरच्या मांडवात बसून हा खेळ अवश्य पाहावा. पात्र रंगमंचावर येण्यापूर्वीच मृदंग त्याचा स्वभाव सांगून मोकळा होतो.

१९२९ साली कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि सतरा वर्षांचे देसाई तेथे जाऊन दाखल झाले. आरंभी वेतन नाही. पडेल ते काम करावयाचे. १९३० सालच्या ‘खुनी खंजीर’ ह्या मूकपटात त्यांनी कामही केले. ज्याच्या अंगी गाणे आहे अशा मुलाने मूकपटात तोंड हलवावे, ही त्या काळची गंमतच म्हणावयाची. पुढे दोन वर्षांत चित्रपटास वाणी फुटली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातने काढला. त्यास संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते, व हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

त्या वेळच्या रीतीने गाणे व चित्र एकदमच उतरवून घ्यावे लागे. नट गात असे आणि तबलजी, सारंगिये, पेटीवाले चित्रात दिसू नयेत अशा बेताने झाडाआड किंवा खांबाआड दडून साथ करीत असत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलविण्याची युक्ती कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली रूढ केली, तेव्हा ही लपाछपी संपली. परंतु त्या काही वर्षांत ज्यांनी उमेदवारी केली त्यांना एक गोष्ट कायमची कळली असली पाहिजे: संगीतकाराने दिसावयाचे नसते!

देसायांच्या वाट्यास प्रभातमध्ये एकामागून एक असे तीन थोर गुरुजन आले. टेंबे यांचे नाव वर आलेच आहे. १९३३ साली कंपनी पुण्यास गेल्यावर केशवराव भोळे तेथे आले. हे मूळचे अमरावतीचे; वैद्यकीचे शिक्षण अर्धवट टाकून संगीतात शिरलेले, आणि ‘एकलव्य’ व ‘शुद्ध सारंग’ ह्या टोपणनावांनी गायकांवर निर्भीड टीका लिहिणारे. तिसरे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, भास्करबुवा बखले यांचे शिष्य. ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ह्यांचे संगीत त्यांचे. एकाकडून नाट्यपदाचा भरदारपणा, दुसऱ्याकडून प्रसंगाची जाण, तिसऱ्याकडून चालीचा खेळकरपणा, अशी ही शाळा होती.

ह्यांपैकी भोळे यांच्या एका कामाविषयी थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३७ सालच्या ‘कुंकू’ चित्रपटात पार्श्वसंगीत मुळी ठेवलेच नाही. घरातील भिंतीवरचे ठोक्याचे घड्याळ, भांडी, पावले, दारे, रस्त्यावरील आवाज ह्यांवरच सारे भागविले आहे. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या तरुण मुलीचे दुःख सांगावयाचे असताना कोणाही संगीतकारास सारंगीचा मोह आवरणे कठीण. तेथे घड्याळाचे ठोके वाजू दिले. ज्याचे पोट संगीतावर त्यानेच येथे संगीत नको असे म्हणावयाचे, ह्याला मोठी छाती लागते. ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा नाना काही बोलले नाहीत. मात्र नातवाकडे त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिले.

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले, व त्यांनी मुंबईस राजकमल कलामंदिर ही संस्था काढली. देसाई त्यांच्याबरोबर गेले. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ साली निघाला व मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात १०४ आठवडे चालला. तेरा-चौदा वर्षांच्या उमेदवारीनंतर देसायांचे नाव लोकांच्या तोंडी आले ते ह्या चित्रपटापासून.

ह्यानंतरचे दोन चित्रपट आमच्या भागातील वाचकांस विशेष जवळचे वाटावेत, कारण दोहोंचे नायक सोलापूरचे. त्या दिवसांत उमरगा निजामाच्या राज्यात होते व सोलापूर इंग्रजी मुलुखात. मध्ये राज्याची हद्द होती. तरी बाजार सोलापूरचा, दवाखाना सोलापूरचा, आणि बोलपटही सोलापूरचाच, अशी इकडील सुखवस्तू घरांची रीत होती. पहिला चित्रपट १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ साली चीनमध्ये सैनिकांच्या शुश्रूषेस गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. सोलापुरातील त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. अर्धी कथा चीनमध्ये घडते. चिनी संगीत बहुतांशी पाच स्वरांचे; आपल्या भूप किंवा दुर्गा रागांशी त्याचे दुरून नाते लागते. प्रेक्षकास परका देश वाटावा, परंतु तो परका होऊन बसू नये, ही अशा वेळी संगीतकाराची खरी अडचण असते.

दुसरा चित्रपट १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’. राम जोशी सोलापूरच्या वैदिक ब्राह्मणाच्या घरातले. त्यांस तमाशाचा नाद लागला, लावण्या रचू लागले, डफावर उभे राहू लागले. तेव्हा थोरल्या भावाने त्यांस घराबाहेर काढले, अशी कथा आहे. पुढे ते संस्कृत शिकले, कीर्तनेही करू लागले, व मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या घरोघर पोहोचविण्याचे श्रेय त्यांच्या कीर्तनांस दिले जाते. म्हणजे ज्या माणसाने पंडितांची कविता सामान्यांपर्यंत नेली, त्याला गळा व ताल मिळाला तो तमाशाच्या फडावर. कथा, संवाद व गीते ग. दि. माडगूळकरांची; जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका. देसायांनी येथे ढोलकी व तुणतुणे जसेच्या तसे ठेवून लावणीला घरंदाज श्रोत्यांच्या पुढे आणून बसविले. ज्या घरांतून लावणी ऐकणे म्हणजे बाटणे असे मानीत, त्या घरांतील बायकामुले ह्या चित्रपटातील चाली गुणगुणू लागली. १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’त होनाजी बाळाची भूपाळी त्यांनी अशी बांधली की, ती मूळची देवळातलीच असावी असे वाटते. पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी ती म्हटली आहे. कान येथील चित्रपट महोत्सवात ह्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला.

आता पार्श्वसंगीताच्या प्रत्यक्ष कामाविषयी. नानांनी विचारलेला प्रश्न मुख्यतः ह्याचा होता, आणि ह्याविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

देसायांच्या काळी चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर असे. सेकंदास २४ चित्रे ह्या गतीने मिनिटास ९० फूट पट्टी यंत्रातून सरते. हजार फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटांचे. चित्राची काटछाट होऊन ते सिद्ध झाले म्हणजे संगीतकारास रिळामागून रीळ दाखवीत. तो कागद घेऊन बसे. नायिका दार उघडते ते समजा २२५ फुटांवर, म्हणजे आरंभापासून अडीच मिनिटांनी. पत्र वाचून तिचा हात खाली येतो तो आणखी १५ फुटांवर, म्हणजे त्यापुढे दहा सेकंदांनी. ह्या दहा सेकंदांत काय वाजावयाचे, कोणत्या वाद्यावर, किती हळू, आणि हात खाली येताना ते थांबावयाचे की तेथेच सुरू व्हावयाचे, हे ठरवावयाचे. मैफलीत गवयाला आलाप रंगला तर आणखी पाच मिनिटे घेता येतात. येथे एका श्वासाचीही सवलत नाही. वादकांपुढे पडद्यावर चित्र चालू असे, हातात घड्याळ धरून संगीतकार खुणा करी, व चित्राबरोबर वाद्ये मुद्रित होत. शेवटी संवाद, आवाज व संगीत ह्या तीन निरनिराळ्या पट्ट्या एकत्र मिसळावयाच्या. आणि त्या वेळी जिवापाड मेहनतीने बसविलेली बासरी संवादाखाली दाबून टाकण्याचा हुकूम दिग्दर्शक देई. तो निमूटपणे ऐकावा लागे.

हल्ली हे सर्व काम संगणकावर होते. नानांचा नातू एका खोलीत बसून वीस वाद्यांचा आवाज काढतो, आणि फुटांऐवजी सेकंदाचे अंश पडद्यावर दिसतात. साधने सोपी झाली. परंतु दार उघडताना वाजवावे की न वाजवावे, हे यंत्र सांगत नाही. मालिकांच्या कारखान्यात तर वेळेअभावी दुःखाचा, संशयाचा, सासूच्या आगमनाचा असे तुकडे एकदाच तयार करून ठेवतात व हवे तेथे चिकटवितात. सायंकाळी आमच्या आळीतील चार घरांतून एकदम तोच ढम्‌ आवाज येतो तो ह्यामुळे. ह्या प्रकाराबद्दल नानांचे मत आम्हांस सोळा आणे मान्य आहे.

देसायांची ह्या कामातील पकड पाहावयाची असेल तर त्यांचे गाजलेले संगीतप्रधान चित्रपट सोडून दोन निराळेच पाहावेत. १९६४ सालच्या ‘यादें’मध्ये पडद्यावर जवळजवळ सबंध वेळ एकटे सुनील दत्त आहेत. बायको, मुले, पाहुणे सर्व केवळ आवाजांतून, छायांतून व वस्तूंतून भेटतात. म्हणजे इतर नटांचे अर्धे काम ध्वनीकडे आले. १९७३ सालच्या गुलजारांच्या ‘अचानक’मध्ये तर एकही गाणे नाही. ज्यांच्या गाण्यांवर एकेकाळी चित्रपट वर्षानुवर्षे चालले, त्या माणसाने साठी ओलांडल्यावर गाणी नसलेला चित्रपट पत्करला, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

गाजलेल्या चित्रपटांचा उल्लेख मात्र केला पाहिजे. १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत अडाणा रागात उस्ताद अमीर खाँ यांनी गाइले. त्याच चित्रपटाच्या एका प्रसंगाचे पार्श्वसंगीत, त्या वेळी अगदी तरुण असलेल्या शिवकुमार शर्मांच्या संतूरावर झाले. काश्मीरचे ते वाद्य तोवर बहुतेकांनी ऐकलेही नव्हते. १९५९ सालच्या ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँची सनई आहे. एवढ्या मोठ्या कलावंतांना चित्रपटाच्या तीन मिनिटांत बसविणे म्हणजे हत्तीला माजघरातून फिरविणे होय. भांडी फुटू न देता ते देसायांनी केले. तथापि खरे सांगावयाचे तर ‘झनक झनक’मध्ये रंगांचा व नृत्याचा इतका भडिमार आहे की, संगीताला श्वास घ्यावयास जागा उरत नाही असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. पौराणिक चित्रपटांतील त्यांच्या कामाविषयीही आमचा उत्साह बेताचाच आहे.

परंतु १९५७ साल आले आणि ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत १९३९ साली सुरू झाली होती. कुंपण नाही, बेड्या नाहीत. तीवरून माडगूळकरांनी कथा रचली. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि एक तुरुंगाधिकारी, एवढाच संसार. दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात ह्या चित्रपटास पारितोषिक मिळाले. त्यात एक प्रार्थना हवी होती. शब्द भरत व्यासांचे, आवाज लताबाईंचा व समूहाचा. वाचकांनी क्षणभर विचार करावा: ही प्रार्थना कोणासाठी आहे? ज्यांनी जन्मात कधी सूर लावला नाही अशा दांडग्या, ओबडधोबड माणसांसाठी. तेथे अडाण्याची तान चालत नाही. मुखड्याची झेप लहान पाहिजे, ओळ श्वासाला पुरली पाहिजे, चुकला तरी शेजाऱ्याच्या आवाजाबरोबर माणूस परत ठिकाणावर आला पाहिजे. अमीर खाँकडून गाऊन घेणाऱ्या संगीतकाराने दोनच वर्षांनी इतकी साधी चाल बांधली, आणि कैद्यांसाठी बांधलेली ती चाल पुढे मुलांच्या गळ्यांत अलगद बसली.

चित्रपटातून निघून शाळेच्या मैदानावर जाऊन राहिलेली त्यांची ही एकच रचना नव्हे. १९७१ सालच्या ‘गुड्डी’च्या आरंभी शाळेतील मुली जी प्रार्थना म्हणतात तीही त्यांची, शब्द गुलजारांचे, मुख्य आवाज वाणी जयराम यांचा. हिंदी चित्रपटात वाणीबाई प्रथम गाइल्या त्या ह्याच चित्रपटात. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’, ज्यास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, त्याचेही संगीत देसायांचेच. उत्तरायुष्यात ते शाळाशाळांतील मुले मैदानावर गोळा करून, हजारोंच्या संख्येने त्यांच्याकडून समूहगीते म्हणवून घेत. आणि २३ ऑक्टोबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात एम. एस. सुब्बलक्ष्मी यांनी कांचीच्या शंकराचार्यांचे जे संस्कृत मैत्रीगीत गाइले, त्याची चाल ह्याच कोकणातल्या गृहस्थांची. कर्नाटक पद्धतीच्या सर्वश्रेष्ठ गायिकेसाठी, यतीच्या शब्दांना, मुंबईच्या चित्रपट-संगीतकाराने चाल द्यावी, ह्यात कोणास काही खटकले नाही. हे ऐकून आजींनी मात्र हातातली वात खाली ठेवली व “असं?” म्हणून विचारले.

‘धंदा कमी प्रतीचा’ ह्या शंकेस युरोपातही फार दिवस जागा होती. परंतु १९०८ सालीच फ्रान्सच्या साँ-साँस ह्या वयोवृद्ध संगीतकाराने एका मूकपटासाठी खास रचना केली. इंग्लंडचे राल्फ व्हॉन विल्यम्स, ज्यांचे नाव तिकडे अत्यंत आदराने घेतात, ते सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना चित्रपटांकडे वळले. १९४८ साली दक्षिण ध्रुवावरील कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेच्या चित्रपटास त्यांनी संगीत दिले, व पुढे त्याच सामग्रीतून एक संपूर्ण सिंफनी उभी केली. म्हणजे चित्रपटाचे काम हे उष्टे अन्न त्यांनी मानले नाही.

पैशाविषयी चुलत्यांनी केलेली पृच्छा अगदी रास्त होती, आणि तिचे उत्तर गोड नाही. हा दुसऱ्याच्या चुलीवर शिजणारा स्वयंपाक आहे. सतरा वर्षे राजकमलशी निगडित राहिल्यावर १९५९ सालच्या ‘नवरंग’ला देसाई नव्हते, संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. देसाई पुढे ‘लडकी सह्याद्री की’सारख्या चित्रपटांसाठी तेथे परतले, परंतु मधल्या काळात त्यांस इतर दारे शोधावी लागलीच. कायद्याचीही स्थिती अशी होती की, संगीतकाराने एकदा मोबदला घेतला म्हणजे चाल निर्मात्याची झाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, चित्रगृहाबाहेर त्या रचनेचा जो उपयोग होईल त्याच्या स्वामित्वधनात संगीतकाराचा व कवीचा वाटा काढून घेता येणार नाही असे ठरले. देसायांना जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. त्या मानाने दूरचित्रवाणीने पुढच्या पिढीस बरा हात दिला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते देसायांच्या अखेरच्या वर्षांत. त्या नव्या क्षेत्रात अशोक पत्की यांच्यासारख्यांनी जाहिरातींच्या दहा-वीस सेकंदांच्या चालींपासून ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ ह्या मालिकांच्या शीर्षकगीतांपर्यंत काम केले. ‘आभाळमाया’ची चाल नानांच्या घरातील सतराही माणसांस येते, कर्त्याचे नाव विचारले तेव्हा एकट्या धाकट्या सूनबाईंना सांगता आले.

वसंत देसाई २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत, राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात वारले. वय त्रेसष्ट. ‘शक’ हा त्यांचा चित्रपट त्यांच्या मागे, १९७६ साली लोकांसमोर आला.

इतके सगळे सांगून झाल्यावर एका रात्री जेवणानंतर नातवाने भीतभीतच स्वतःचे एक काम सर्वांस दाखविले. त्याच्या मित्राने आमच्या तालुक्यातील एका खेड्यात, आठ मिनिटांचे लहान चित्र घेतले आहे: एक म्हातारी उन्हाळ्यात आडावरून पाणी काढते व घरी नेते, एवढेच. नातवाने त्यास संगीत दिले आहे. आरंभी सारंगी, मग बासरी, मग कोठलासा मोठा वाद्यवृंद. माजघरात दिवा मालवून सर्वजण बसले. चित्र संपले. मुले म्हणाली, छान. आजींनी डोळे पुसले.

नाना म्हणाले, “ती दोर ओढते तेथपासून पुन्हा लाव.”

त्याने लावले.

“ही सारंगी कशाला?” नाना म्हणाले. “रहाटाचा आवाज येतो आहे ना? तो मला ऐकू येईना तुझ्या सारंगीमुळे. तिचा दम लागलेला, तोही ऐकू येईना. काढ ती.”

नातवाने आमच्याकडे पाहिले, आणि संगणकावर दोन कळा दाबल्या. सारंगी गेली. रहाट कुरकुरला, पोहरा आडाच्या दगडावर आपटला, म्हातारीने श्वास घेतला. कोणी काही बोलले नाही.

“आणि घागर डोक्यावर घेऊन ती वळते ना,” नाना थोड्या वेळाने म्हणाले, “तेथे काय ते वाजव. पण हळू.”

दोघे त्यानंतर त्या आठ मिनिटांशी रात्री साडेबारापर्यंत बसले होते, असे आम्हांस दुसऱ्या दिवशी सूनबाईंकडून कळले. पुण्यास पाठविण्याचा विषय मात्र अद्याप निघालेला नाही.